शुभांगी ऊर्फ वैदेही

प्रश्न : ताई नमस्कार, मी ४८ वर्षांची, साताऱ्यात राहते. माहेरचं नाव शुभांगी. १९९९ ला लग्न झालं तेव्हा मिस्टरांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वैदेही' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला आधी कोणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही, उलट लाजून हसले होते, फोटो आहे. आता दहावीच्या मार्कशीटवर शुभांगी, आधारवर वैदेही, आणि माहेरच्या जमिनीच्या कागदावर 'शुभांगी ऊर्फ वैदेही'. मागच्या दिवाळीत शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं, मागून कोणीतरी तीनदा "ए शुभे" म्हणून हाक मारली आणि मी वळलेच नाही. मैत्रीण खांदा धरून म्हणाली बहिरी झालीस का गं, सगळे हसले, मीपण हसले, पण रात्री झोप नाही लागली. मुलगी जॉबला पुण्याला गेलीय, दुपारभर मी एकटी आणि डोक्यात एकच की मी नक्की कोण. म्हणून ८,५०० रुपये भरून दोन दिवसांचं स्वतःला शोधायचं शिबिर केलं. डोळे मिटा, खरी तुम्ही आत बसलीय, तिला भेटा, म्हणाले. मी डोळे मिटले तर सिलिंडरचा नंबर लावायचा राहिलाय एवढंच आठवलं. शेजारची बाई हमसून रडत होती, तिला सापडलं असावं. मिस्टर म्हणतात तुला कमी काय आहे. कमी काहीच नाहीये हो. पण आत कोणीच नसेल तर? आणि जुनं नाव परत घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : नमस्कार. आधी सिलिंडरबद्दल, कारण पत्रातली ती ओळ मला सगळ्यात जास्त आवडली. तुम्हाला आत काही सापडलं नाही हे कशावरून? घरात गॅस संपला तर कोणाचं अडेल ही काळजी सापडली ना. फक्त ती शिबिराच्या ब्रोशरमध्ये छापण्यासारखी नव्हती.

घोळ कुठे आहे सांगते. 'खरी तुम्ही आत बसलीय' हे त्या लोकांनी आधीच धरून चाललंय, म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेत आजीच्या पाटल्या असाव्यात तशी एक तयार बाई आत ठेवलेली आहे आणि आपण नुसतं झाकण उघडायचं. मग झाकण उघडून पाटल्या दिसल्या नाहीत की माणूस घाबरतो, तुमच्यासारखं. पण पाटल्या तिथे होत्या हे सांगितलं कोणी?

हा प्रश्न फार जुना आहे आणि गंमत म्हणजे तो नावावरूनच सुरू झालाय. बौद्ध परंपरेत मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांचा संवाद आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. राजा नाव विचारतो, तर भिक्खू म्हणतो लोक मला नागसेन म्हणतात, पण ते व्यवहारापुरतं हो, त्या नावाचा कोणी आत सापडायचा नाही. राजा चक्रावतो, मग केस म्हणजे नागसेन का, नखं का, दात का, असं एकेक विचारत सुटतो. नागसेन उलटा विचारतो, महाराज तुम्ही रथातून आलात ना, मग चाक म्हणजे रथ का? आस? जू? नाही ना. पण म्हणून तुम्ही काही चालत आला नाहीत! एवढ्या सगळ्याची जुळणी झाली की त्याला रथ म्हणायचं. मला हे वाचून नेहमी बरं वाटतं, कारण आत वेगळं कोणी बसलेलं नसूनही रथ राजाला घेऊन व्यवस्थित पोचलेला असतो.

दुसरा माणूस फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र. ऑक्टोबर १९४५, पॅरिस, युद्ध नुकतंच संपलंय आणि हा भाषणात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण देतो. सुरी बनवणाऱ्याला ती कशासाठी हे आधीच माहीत असतं, तिचं काम आधी ठरतं आणि मग ती जन्माला येते. माणसाचं उलटं, तो म्हणतो, माणूस आधी असतो, मग जगत जगत स्वतःला घडवतो. आता हे तुमच्या ताटातल्या तांदळाशेजारी ठेवून बघा. नवरी उंबरठा ओलांडून जेमतेम आत आलीय आणि ती कोण हे ताटात लिहून तयार! सुरीच झाली ना तिची.

पण सार्त्र तुम्हालाही सोडणार नाही, आधीच सांगते. त्याने एका वेटरचं वर्णन केलंय, जो जरा जास्तच वेटरसारखा वागतो, चालणं, वाकणं, ट्रे धरणं सगळं परफेक्ट, जणू दौत जशी दौत असते तसा तो वेटर आहे आणि दुसरं काही असूच शकत नाही. सार्त्र म्हणतो ही स्वतःची फसवणूक. त्याच्या हिशोबाने 'मला कोणी विचारलं नाही' हे १९९९ च्या त्या संध्याकाळपुरतं सोळा आणे खरं, पण नंतरच्या रोजच्या सकाळी तुम्हीपण थोडं थोडं वैदेही होणं निवडलंय.

इथे मला सार्त्रचा थोडा राग येतो. कॅफेत बसून हे लिहिणाऱ्याला सासरी पहिल्या वर्षी नावावरून वाद घालायला काय किंमत पडते ते कुठून कळणार! सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच लेखिकेने १९४९ मध्ये ते नीट मांडलं, की बाई जन्मत नाही, ती घडत जाते, आणि घडवणारे हात बरेच असतात, तेव्हा स्वातंत्र्याचं बोलताना माणूस कुठल्या परिस्थितीत उभं आहे तेही बघा. म्हणून २६ वर्षांचं सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका, आणि सगळंच्या सगळं मिस्टरांच्या अंगठीवरही टाकू नका.

आता तुम्हाला जे बहुतेक आवडणार नाही ते. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की शुभांगी खरी आणि वैदेही वरून चिकटवलेली. पण शुभांगी तरी कोणी निवडलं होतं? बारशाला आत्याने कानात कुर्र करून सांगितलं असणार, तेव्हाही तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, नुसतं रडायची मुभा होती! आणि मुलीला वाढवणं, आजारपणं काढणं, हे सगळं वैदेहीच्या नावावर झालंय, ते खोटं कसं म्हणू? तुम्ही हाकेला वळला नाहीत कारण त्या नावाने तुम्हाला इतकी वर्षं कोणी बोलावलंच नाही. तुम्ही हरवलात वगैरे काही नाही हो, कानाची सवय गेलीय.

म्हणजे दोन्ही नावं दुसऱ्यांनी दिलेली, आणि आज ४८ व्या वर्षी पहिल्यांदा प्रश्न तुमच्या हातात आलाय. शुभांगी घेतलंत तरी, वैदेही ठेवलंत तरी, अगदी 'ऊर्फ' तसंच राहू दिलंत तरी, या खेपेला ते तुम्ही ठरवलेलं असेल. मिस्टरांना तसंच सांगा, की कमी काही नाही, ठरवायचं राहिलं होतं.

कागदाचं म्हणाल तर लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाही. परत शुभांगी व्हायचं असेल तर प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा, आपण ज्याला गॅझेट करणं म्हणतो ते, मग आधार, पॅन, बँक अशी रांग लागते. कंटाळवाणं काम आहे. तेव्हा त्याच्या आधी एक महिना फुकटात करून बघा. नवीन ओळख होईल तिथे, म्हणजे भाजीवाल्या मावशी, योगा क्लास, कुरिअरवाला, सगळीकडे नाव शुभांगी सांगा. आणि महिन्याने मागून कोणी हाक मारली तर वळता का, ते मला कळवा.