नसेल त्याचं काय?

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम जय भीम, जिंदाबाद.

तुझं पत्र मिळालं. ऊसदराच्या मागणीपत्रात तोडणी कामगारांची मागणी घाला, असं तू सुचवलंस आणि ज्येष्ठांनी तुला समजावलं की आधी सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न घेऊ, जातीचं नंतर बघू, नाहीतर एकी मोडेल. तू रागावली आहेस. राग असू दे, पण त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नकोस. ती पोकळ नाही.

हिशेब बघ. एफआरपीतून, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर पडते. तोडणीचा दर वाढला की ती वाढ शेवटी बिलातूनच कापली जाते. दीड एकर ऊस असलेल्या माणसाला हे पावतीवर दिसतं. तो दुष्ट नाही, त्याची बेरीज बरोबर आहे. तिकडे फडात तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाने (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने) दिलेली आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात, पण खाडा झाला, म्हणजे कामाचा दिवस चुकला, की दंड दोघांच्या मजुरीतून. २०१९ साली बीडच्या तोडणी बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, त्याच्या मुळाशी पाळीच्या दिवसांत खाडा होण्याची भीतीही होती. फडात कोयता चालवणारी कुटुंबं कोणत्या समाजांतली आणि फडाच्या मालकांची आडनावं कोणती, हे मी तुला सांगायला नको. पोटाचा आणि जातीचा प्रश्न एकाच फडात उभे आहेत. बैठकीत मात्र एकाला मागणी म्हणतात आणि दुसऱ्याला फाटाफूट.

हे दुखणं जुनं आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा इतर कामगारांना विटाळ होई. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून लांब राहायला सांगेन. मागणी यादीत आली, पण नाइलाजाने. आणि मालकांनी ती पुढाऱ्यांच्याच तोंडावर मारली: हा अन्याय असेल तर तो आमच्यामुळे नाही. गिरणीमालकांनी खरं बोलावं आणि कामगार पुढाऱ्यांनी खाली बघावं, अशी वेळ कुठल्याही चळवळीवर येऊ नये.

आता दुसरी बाजू. याच बाबासाहेबांनी १९३७ साली खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे तिथली कुणबी आणि महार कुळं एकत्र उभी होती. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. तुझ्या मतांची काही मंडळी १९२८ सांगतात आणि १९३८ गाळतात, तुझे ज्येष्ठ नेमकं उलटं करतात. दोन्ही सालं एकाच माणसाची आहेत, एवढं त्यांना ऐकव.

माझं म्हणणं सरळ आहे. 'सगळ्यांसाठी' म्हणून केलेली आर्थिक मागणी कुठल्या तरी कागदावरून वाटली जाते, आणि तो कागद कोणाच्या नावावर आहे तिथेच तिचा निकाल लागतो. आपल्याकडे तो कागद म्हणजे सातबारा. २०१७ ची कर्जमाफी दीड लाखांपर्यंत, २०१९ ची दोन लाखांपर्यंत, दोन्ही बँकेच्या थकबाकीवर. ज्याला बँकेने कधी दारात उभंच केलं नाही त्याची थकबाकी सावकाराकडे नाहीतर मुकादमाकडे, ती कुठल्याच यादीत आली नाही. म्हणून कर्जमाफी मागू नये असं नाही. मागावीच. पण 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा गाजत होती तेव्हाही भूमिहीनांनी विचारलंच होतं, 'नसेल त्याचं काय?' आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच सवालावर. तुझ्या मागणीपत्राच्या प्रत्येक ओळीपुढे हा सवाल पेन्सिलीने लिहून ठेव.

नुसता सवाल विचारून भागत नाही म्हणतेस ना? मग नायगावला जाऊन ये, पुरंदर तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न धरता माणशी धरला, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि उसाला बंदी! तुझ्या ज्येष्ठांना हे शेवटचं सांगताना जरा जपून. गंमत सोड, पण यात 'आधी वर्ग, मग जात' असा क्रमच नाही. पाणी कसं वाटायचं हे ठरवतानाच न्याय ठरला, मागून त्याची वेगळी समिती नेमावी लागली नाही.

२०१८ च्या मार्चमधला नाशिक-मुंबई मोर्चा तुला आठवत असेल. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून माणसं रात्री चालून आझाद मैदानावर पोचली, ते सगळीकडे छापून आलं. कमी छापलं गेलं ते मागणीपत्र. कर्जमाफीच्या शेजारीच वनहक्काची मागणी होती. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडचा आदिवासी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जंगलातली जमीनच त्याच्या नावावर नसेल, तर त्याचं कुठलं कर्ज माफ करणार? त्या मागणीने मोर्चा फुटला नाही. उलट चालणाऱ्यांत आदिवासीच जास्त होते.

आणि सध्याचं बोलायचं तर राज्य सरकारची लाडकी बहीण योजना. महिन्याला १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येणं ही लहान गोष्ट नाही. रेवडी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या पंगतीत बसू नकोस, त्यांच्या घरी १५०० रुपयांसाठी कुणी बांधावर राबत नाही. पण २०२५ मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी वळवला गेला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहातल्या मुलीचे पैसे तिच्याच आईला द्यायचे आणि आईकडून आभार मानून घ्यायचे, असा हा व्यवहार. यावर बोलताना 'योजना बंद करा' म्हणू नकोस. 'पैसे दुसरीकडून आणा' म्हण, आणि कुठून तेही सांग.

आता तुझ्या पुढच्या बैठकीचं. नुसतं 'तोडणी कामगारांना न्याय द्या' असं मांडलंस तर सगळे माना डोलावतील आणि विषय संपेल. त्यापेक्षा हिशेब घेऊन जा. तोडणीच्या दरातली वाढ शेतकऱ्याच्या बिलातून न कापता इथेनॉल आणि इतर उपपदार्थांच्या उत्पन्नातून द्यावी, अशी मागणी लिही. मग दीड एकरवाला आणि कोयतेवाली दोघंही कारखान्याकडे तोंड करून उभे राहतील. उचल आणि मजुरीची नोंद बाईच्या नावावर वेगळी व्हावी, आजारपणाच्या दिवसाला खाडा धरू नये, हे दोन मुद्दे स्वतंत्र ठेव. त्यात शेतकऱ्याचा रुपयाही जात नाही, तरी विरोध होईल. तो कोण करतं ते वहीत लिहून ठेव, भांडण मात्र तिथे करू नकोस.

मसुदा झाला की मला पाठव. पण आधी टोळीतल्या बायकांना वाचून दाखव, आणि दसऱ्याच्या आत दाखव. नंतर त्या तोडणीला निघून जातील, वस्तीवर सापडायच्या नाहीत.

तुझा,
काका