आरोग्य: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र 6 किलोमीटरवर, तालुक्याचं रुग्णालय 40 वर. केंद्राला नवा रंग लागलाय, दारात स्वच्छतेच्या पुरस्काराची पाटीही आहे. पण रात्री कुणाला साप चावला तर तिथं न्यायचं की थेट तालुक्याला?
— कोकणातून एक वाचक

उत्तर: पाटीवरून स्वच्छता कळते, रात्रीची तयारी नाही. पावसाळ्याआधी एकदा दुपारी, ओपीडी ओसरल्यावर जा आणि औषध निर्माण अधिकाऱ्यांना सरळ विचारा: सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या आज किती कुप्या शिल्लक आहेत? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पण विष भिनलेल्या माणसाला सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या लागतात. म्हणून ‘साठा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. 4 कुप्यांत एकाचंही भागत नाही.

रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, हे भिंतीवरच्या ड्युटी तक्त्यापेक्षा आशाताई आणि समोरचा टपरीवाला खरं सांगतील. प्रतिविषाची रिॲक्शन येऊन रक्तदाब कोसळू शकतो. ती आवरणारं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी आणि ते टोचणारं माणूस जवळ हवंच.

मग काचेची नळी. घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि नंतर नळी तिरकी करून बघतात. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष सुरू करायचं. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही आणि चाचणी फसते. ‘नळी कुठली वापरता?’ या एका प्रश्नावर केंद्राचा सराव कळतो.

नाग-मण्यारीच्या विषानं श्वास थांबतो, तेव्हा अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी, लागते. ऑक्सिजनचा सिलिंडर बहुतेक ठिकाणी असतो. त्याची चावी रात्री कुणाकडे असते ते विचारा. केंद्राची शिस्त कळावी म्हणून लसींच्या फ्रिजची वहीही चाळा. तापमान 2 ते 8 अंशांत हवं, नोंद दिवसातून दोनदा. महिनाभर ओळीनं फक्त ‘4’ दिसला तर काटा न बघताच लिहिलंय म्हणून समजा.

डॉक्टर आणि 10 कुप्या असतील तर आधी केंद्रच गाठा, पहिला डोस तिथंच घ्या. तोवर 108 बोलावून ठेवा. नसतील तर वाटेत तिथं न थांबता तालुक्याला निघा. आणि केंद्राचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आजच मिळवा. रुग्णाला गाडीत घेत असताना दुसऱ्या कुणीतरी साठा विचारून घ्यायचा, त्यासाठी गाडी थांबवायची नाही.