‘मॅनेज झाले’ म्हणण्याआधी

प्रिय वकीलबाई,

(सनद मिळाली, आता हेच म्हणणार.)

‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर ‘न्यायाधीश मॅनेज झाले’ असा तुझा मेसेज वाचला. चिडलीस ते ठीक. आधी बांधकाम उरकायचं आणि मग पर्यावरण मंजुरी मागायची, हा प्रकार न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी 16 मे 2025 ला बंद केला होता. 18 नोव्हेंबरला तिघांच्या पीठानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल मागे घेतला. उभे राहिलेले सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, हा बहुमताचा युक्तिवाद मलाही पटलेला नाही.

पण ‘मॅनेज झाले’ हे बाररूममध्येसुद्धा बोलू नकोस. बहुमतातल्या त्याच दोघांनी, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्या. चंद्रन यांनी, दुसऱ्याच दिवशी न्यायाधिकरणांच्या (ठरावीक विषयांचे वाद ऐकणाऱ्या न्यायसंस्थांच्या) सदस्यांची मुदत चार वर्षांवर आणणारी केंद्राची तरतूद रद्द केली. सरकारला खूश ठेवणारे असं करतात का? आणि न्या. भुयान यांचं अल्पमताचं निकालपत्र सावकाश वाच. शेजारी सरन्यायाधीश बसलेले असताना ‘तुमचं चुकतंय’ असं त्यांनी कारणांसकट लिहून ठेवलंय.

संशय घ्यायचाच तर व्यवस्थेवर घे. पुण्यात हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणापुढे, उभी राहशील तेव्हा तुझ्या प्रतिवादींत बऱ्याचदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालय असेल. लवाद चालतो तो त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत! न्यायाधिकरणांना सोयीसुविधा ती ज्या खात्याच्या अखत्यारीत आहेत त्या खात्यानं पुरवू नयेत, ते काम विधी खात्याचं, असं सर्वोच्च न्यायालय 2010 मध्येच आर. गांधी प्रकरणात म्हणून बसलंय. अजून तसंच चाललंय. शिवाय कुणावर दबावही आणावा लागत नाही, नेमणुका रखडल्या की काम भागतं. 2018 मध्ये सदस्यच नसल्यानं पुण्याचं खंडपीठ ठप्प झालं होतं. मग प्रकरणं दिल्लीहून व्हिडिओ कॉन्फरन्सवर. अशा वेळी तुझा स्थगितीचा अर्ज बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) यायची वाट बघत पडतो आणि जेसीबी काही तारखेसाठी थांबत नाही.

म्हणून प्रत्येक मॅटरमध्ये एक वेगळी वही ठेव: पीठावर कोण होतं, कुठली जागा रिकामी होती, सुनावणी कशामुळे पुढे गेली. रोजनाम्यातून (कामकाजाच्या रोजच्या नोंदींतून) उतरवून घे. पुढे नेमणुकांसाठी याचिका करायची वेळ आली तर भाषणापेक्षा ती वही कामाला येईल.

आणि हो, पर्यावरण मंजुरीविरुद्ध लवादाकडे अपिलाला 30 दिवस, सबळ कारण दाखवलंस तर आणखी 60. त्यापुढे लवादाचेही हात बांधलेले. खाडीच्या त्या प्रकरणात मंजुरीचं पत्र नक्की कोणत्या तारखेला जाहीर झालं ते आजच बघ आणि मला फोन कर.

तुझा,
सर