आफ्रिका आणि बांगलादेशातले घराच्या हक्कावरचे निकाल, लेख फुकट कुठे मिळतील?

तुम्ही खारघरहून विचारलंय की एलएलएमच्या प्रबंधासाठी दक्षिण आफ्रिका, केनिया, बांगलादेश यांचं साहित्य हवंय आणि कॉलेजच्या डेटाबेसमध्ये ते सापडत नाही. मी ठाणे कोर्टात वकिली करतो. झोपडीधारकांच्या प्रकरणांसाठी मलाही हाच शोध घ्यावा लागला होता.

विषयाचे शब्द टाकून शोधत बसू नका. एक निकाल धरा आणि त्याचा माग काढा. माझी सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या घराच्या हक्कावरच्या ग्रुटबूम निकालापासून झाली. सॅफली (SAFLII) या तिकडच्या निकालांच्या साइटवर तो पूर्ण आहे, फुकट. '[२०००] झेडएसीसी १९' हा क्रमांक इंग्रजीत टाका. केपटाऊनजवळ ३९० प्रौढ आणि ५१० मुलं, झोपड्या पाडल्यावर खेळाच्या मैदानावर येऊन राहिलेली. मी ते कोर्टनाक्यावर झेरॉक्स काढून वाचलं, तेव्हा दिघा-तुर्भ्याच्या पाडकामातली माणसंच डोळ्यांसमोर आली. तळटीपा सोडू नका, खरा खजिना तिथेच असतो. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचं कलम ३९ न्यायालयाला परदेशी कायदा विचारात घेण्याची मुभा देतं. त्याआधीच्या अंतरिम राज्यघटनेच्या कलम ३५ मध्येही अशी मुभा होती, म्हणूनच फाशीवरच्या १९९५ च्या मक्वान्याने निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या फाशीवरच्याच बचन सिंग निकालाची चर्चा आहे. अशा उल्लेखांवरून एका देशातून दुसऱ्या देशात जाता येतं.

केनियासाठी 'केनिया लॉ' ही साइट. तिथे मिटू-बेलचा २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढा. नैरोबीच्या विल्सन विमानतळाजवळच्या वस्तीचं ते प्रकरण, राज्यघटनेच्या कलम ४३ वर, म्हणजे घराच्या हक्कावर. तुमच्या विषयाला याहून जवळचं काही मला तरी माहीत नाही.

बांगलादेशचे कायदे तिथल्या कायदा मंत्रालयाच्या साइटवर आहेत. जुने बरेचसे आपलेच, १८६० ची दंडसंहिता (आपल्याकडे ती २०२४ पर्यंत होती), १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, म्हणून वाचायला सोपे. पण १९८७ नंतरचे कायदे बंगालीत आहेत. बंगाली वाचणारं कुणी आत्ताच गाठून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

लेखांसाठी दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ-वेस्ट विद्यापीठाचं पॉचेफस्ट्रूम इलेक्ट्रॉनिक लॉ जर्नल आणि आफ्रिकन ह्यूमन राइट्स लॉ जर्नल, दोन्ही मोफत. कायद्याचा मजकूर उतरवताना मात्र त्यात नंतरच्या दुरुस्त्या आल्यात का, ते प्रत्येक वेळी तपासा. मार्गदर्शकांपुढे मी एकदा जुनं कलम चालू म्हणून मांडलं होतं, आणि एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

कोणता निकाल अडला तर खाली लिहा, शोधून देतो.