मार्क्सवादाचा कुटुंबविचार आजच्या व्हिएतनामी कुटुंबांना कितपत लागू पडतो?

अर्धा पडतो. तुम्ही विचारलंय की मार्क्सचा साथीदार एंगेल्स, त्याचं कुटुंबावरचं १८८४ चं पुस्तक वाचून एम.ए.चा प्रकल्प लिहिता येईल का. येईल, मार्कही बरे पडतील. पण मी त्याआधी एक स्वयंपाकघर सांगते, कारण हा प्रश्न वाचून माझं डोकं जरा तापलंय.

कपड्यांच्या क्वालिटी तपासणीच्या नोकरीत मी तीन वर्षं बिन्ह दुओंगला होते. सायगावला, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीला लागून असलेला कारखान्यांचा पट्टा. आता तो त्या शहरातच विलीन झालाय. एका घराच्या माडीवर भाड्याने राहायचे. घरमालकीण बुटांच्या कारखान्यात लाइन लीडर, पगार नवऱ्यापेक्षा जास्त. तिला अख्खी गल्ली 'ची उत' म्हणायची, म्हणजे धाकटीताई. मला वाटलं शेंडेफळ असेल. तर ती माहेरची थोरली! दक्षिणेत माणसाला जन्मक्रमाच्या नंबरानेच हाक मारतात (थोरल्यालाच 'दोन' म्हणतात, एक नंबर कुणालाच नाही) आणि लग्न झालं की बाईला नवऱ्याचा नंबर लागतो. नवरा धाकटा, म्हणून ही धाकटी. माहेरी गेली की पुन्हा 'दोन'.

बरं, बाई दबलेली म्हणावी तर तसंही नाही. जमिनीच्या कागदाला तिकडे 'लाल पुस्तक' म्हणतात. तिने ते एकदा कपाटातून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांतून सोडवून मला दाखवलं होतं. नवऱ्याच्या नावाखाली तिचं नाव. २००३ च्या जमीन कायद्यापासून जोडप्याच्या जमिनीवर दोघांची नावं घालायचा नियमच आहे. घरातला पैसाही तिच्याच हातात. कारखान्यातल्या बायकांची भिशी ती चालवायची, 'हुई' म्हणतात तिला, नियम आपल्यासारखेच आणि भांडणंही.

मग सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आलं. तेही आपल्यासारखं तिथीने. बाईने कारखान्यातून रजा टाकली आणि पहाटे चारला उठली. शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण आणि अंडी, भरल्या कारल्याचं सूप, आणखी सात-आठ पदार्थ. सासू बुटक्या स्टुलावर बसून लसूण सोलत होती. बाहेर पुरुषमंडळी बर्फ घातलेली बिअर पीत होती. आधी घरातल्या पूर्वजांच्या वेदीवर ताटं, मग पुरुष, मग आम्ही स्वयंपाकघरातच फरशीवर, उरलेलं. ज्याचं श्राद्ध त्याला तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

आणि दारात बसून तिची कॉलेजातली मुलगी परीक्षेचं पाठ करत होती. तिकडे कॉलेजात 'वैज्ञानिक समाजवाद' सक्तीचा विषय असतो आणि त्यात कुटुंबावर एक अख्खं प्रकरण. 'कुटुंब ही समाजाची पेशी आहे' हे वाक्य तिने वीसेक वेळा तरी घोकलं. शेवटी आई म्हणाली, पेशीबाई, उठा आणि आलं ठेचा.

तेव्हा मला बाबा आठवले. बाबा गिरणीत होते. युनियनच्या अभ्यासवर्गात त्यांनी एंगेल्स वाचला होता आणि त्यातलं एक वाक्य आमच्या घरी देवासारखं पुजलं जायचं: बाई उत्पादनात उतरली की सुटली. १९८२ चा संप लांबला तेव्हा आई खरोखरच उत्पादनात उतरली. वीस जणांचे डबे करायला लागली. बाबा खाटेवर बसून तिला समजवायचे की तू आता मुक्तीच्या वाटेवर आहेस. तिला ऐकू जायचं की नाही कोण जाणे, स्टोव्ह फार आवाज करायचा.

आता तुमच्या प्रश्नाचं बोलू. एंगेल्सने दोन गोष्टी सांगितल्यात आणि लोक पहिलीच वाचतात. बाईने सार्वजनिक उत्पादनात यावं, ही पहिली. दुसरी अशी की घरकाम आणि मुलं सांभाळणं हीसुद्धा समाजाची जबाबदारी व्हावी, चूल हा एकेका बाईचा खासगी धंदा राहू नये. व्हिएतनामने पहिली जोरात केली. उत्तर व्हिएतनामच्या १९५९ च्या कायद्याने बहुपत्नीत्व आणि जबरदस्तीची लग्नं मोडीत काढली, युद्धात बायकांनी शेतं आणि कारखाने सांभाळले. दुसरी मात्र अर्ध्यातच राहिली. १९८६ ला दोई मोई, म्हणजे बाजाराला वाट देणाऱ्या आर्थिक सुधारणा आल्या, १९८८ मध्ये शेती सहकारी संस्थांकडून घराघराला कसायला दिली गेली, आणि कुटुंब पुन्हा कमावणारं एकक झालं. एंगेल्सला नेमकं तेच नको होतं. आज औद्योगिक पट्ट्यातल्या किती बायकांची मुलं गावी आजीकडे वाढतात. आजी हेच तिथलं पाळणाघर, आणि आजीला पगार नाही.

'हा सगळा त्या जुन्या चिनी विचारवंताचा, कन्फ्युशियसचा प्रभाव' असं लिहून मोकळे होऊ नका. संस्कृती हा शब्द बहुतेक वेळा जेवायला बसलेल्या माणसाच्या तोंडी असतो.

हे सगळं मी एका घरावरून बोलतेय, तेही दक्षिणेतल्या. उत्तरेत रीत वेगळी, शहरातली तरुण जोडपी आणखी वेगळी. माझ्याच ऑफिसातला एक मुलगा रोज बायकोचा डबा भरून मग कामाला यायचा. पूर्वजांच्या वेदीचं कोडंही निव्वळ मालमत्तेवरून सुटत नाही, ती बाई अगरबत्ती लावताना मनापासून लावायची. प्रकल्पात एवढं लिहा आणि २०१४ चा विवाह व कुटुंब कायदा मुळातून बघा, तो सध्या लागू आहे.

बाबा आता माझ्याकडेच असतात. हे उत्तर त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, पण त्या बाईला पगार मिळतो ना? मी म्हटलं, आधी कुकर लावा, मग बोलू. गेले आत. दोन मिनिटांनी हाक आली, तांदूळ कुठल्या डब्यात असतात? अकरा वर्षं झाली त्यांना या घरात.