सीए होऊन कॅनडाला येताय? आधी प्रांत ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भारतात सीए झालात, सोबत कॉस्टिंगही केलंय. कॅनडात अकाउंटंट लोकांच्या तिन्ही संस्था एक झाल्यात, म्हणजे एकदा सीपीए (त्यांची नवी, सामाईक पदवी) झालं की देशभर मोकळं, असं मावसभाऊ म्हणतो. आणि आता ओंटारियो, क्वेबेक हे प्रांत ‘सीपीए कॅनडा’ या राष्ट्रीय संस्थेतून बाहेर पडल्याचं वाचून तुम्ही धास्तावलात. धास्ती घेण्यासारखं फार नाही, पण मावसभावाचं म्हणणंही अर्धंच खरं आहे.

इथं पूर्वी सीए (चार्टर्ड), सीएमए (मॅनेजमेंट) आणि सीजीए (जनरल) अशी अकाउंटंटची तीन घराणी होती. सीएंना बहुधा मान्यताप्राप्त फर्ममध्येच उमेदवारी करावी लागे, त्यामुळे तोराही त्यांचाच. सीजीए १९०८ साली मॉन्ट्रियलमध्ये रेल्वेच्या हिशेबनिसांनी सुरू केलेली, नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांची संस्था. बाहेरून आलेल्या पुष्कळांनी हीच वाट धरली. २००४च्या सुमारास फक्त सीए आणि सीएमए यांच्या विलीनीकरणाची बोलणी झाली, ती फिसकटली. पुढं तिघांचं जुळू लागलं तेव्हाही कुरबुर होतीच. सीए म्हणत, आमच्या पदवीचा भाव उतरणार. सीजीए म्हणत, आमचं नावच पुसलं जाणार. तडजोड म्हणून जुन्या सभासदांनी नव्या पदवीला जुनी जोडून लिहायची, असं साधारण दहा वर्षं चाललं. माझ्या पहिल्या नोकरीत वरिष्ठांच्या कार्डावर ‘सीपीए, सीजीए’ होतं, आणि समोरचा ‘सीपीए, सीए’ ते वाचून काय समजायचं ते समजत असे. नव्यांच्या वाट्याला ही उतरंड येत नाही. म्हणूनच, कुणी काही म्हणो, विलीनीकरण आपल्यासारख्यांच्या पथ्यावर पडलं असं माझं मत आहे.

मात्र एक झाली ती पदवी. नोंदणी, परवाना, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं कायद्यानं प्रांताच्या हाती होतं आणि आहे. क्वेबेकनं २०१२ मध्ये सगळ्यांच्या आधी विलीनीकरण केलं, आणि जून २०२३ मध्ये ओंटारियोसोबत फारकत जाहीर करणाराही तोच! डिसेंबर २०२४ मध्ये दोघं बाहेर पडले. राष्ट्रीय संस्थेची घडी आपल्या सभासदांच्या सोयीची राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं. यात कुणाची पदवी गेली नाही, कारण ती राष्ट्रीय संस्था देतच नव्हती. तुमच्यापुरता फरक इतकाच की अभ्यासक्रम, सवलती, परीक्षेचे नियम यांसाठी त्या-त्या प्रांताच्या संस्थेचंच मानायचं. चार वर्षांपूर्वीचे व्हिडिओ पाहून बेत आखू नका.

तेव्हा प्रांत आधी. क्वेबेकमध्ये व्यवसायाच्या नोंदणीसाठी फ्रेंच यावी लागते. ती येत नसेल तर मॉन्ट्रियल कितीही देखणं असलं तरी विचार सोडा. ओंटारियोत नोकऱ्या जास्त, तशी गर्दीही जास्त. सीपीए झाल्यावर लगेच ऑडिटवर सही करता येत नाही, त्याचा परवाना वेगळा. तुम्हाला कंपनीतच काम करायचंय, मग त्याच्या मागे लागायची गरज नाही.

अनुभवाची अट ३० महिन्यांची. मान्यताप्राप्त कार्यक्रम असलेल्या कंपनीत तो मिळवता येतो, किंवा साध्या नोकरीतला अनुभव तपासून घेता येतो. सीजीएवाली जुनी वाट या दुसऱ्या मार्गानं थोडीफार शिल्लक राहिलीय. परदेशातला अनुभव किती धरतील, हे अर्जाआधी लेखी विचारा.

इमिग्रेशनसाठी पदवीचं जे मूल्यांकन करून घेता, त्याचा सीपीएशी संबंध नाही. दोन्ही फायली वेगळ्या. तुमच्या कॉस्टिंगची सीएमए आणि इथली जुनी सीएमए याही वेगळ्या, सीव्हीत संस्थेचं पूर्ण नाव लिहा. इंड एएस (भारतातली हिशेबाची मानकं) येत असेल तर आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय मानकं) जड जाणार नाही. पण इथल्या खासगी कंपन्यांपैकी बऱ्याच एएसपीई (खासगी कंपन्यांसाठीची कॅनडाची वेगळी मानकं) वापरतात, ते विमानात बसायच्या आधी वाचायला घ्या. मुलाखतीत विचारतात.

आणि निघण्यापूर्वी आपल्या इन्स्टिट्यूटची वर्गणी भरून सभासदत्व चालू ठेवा. इथली संस्था तुमच्या चांगल्या वर्तणुकीचं पत्र मागेल, आणि थकबाकी असली तर ते इथून मिळवता मिळवता नाकी नऊ येतात.