सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, कंदील वगैरे कॅम्परच्या 12 व्होल्ट बॅटरीला थेट जोडता येतात का?

तुम्ही लिहिलंय की मारुती ईको व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, केलाय, मागे 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवलीय, आणि चार पेन्सिल सेलचा ट्रान्झिस्टर, तीन मोठ्या सेलचा एलईडी कंदील आणि गॅस गिझर असं सगळं तिच्यावरच चालवायचंय. थेट वायर जोडू नका. पहिल्या दोन गोष्टी थोड्या खटपटीने जमतात. गिझरचं शेवटी सांगतो.

आधी ते '12 व्होल्ट' डोक्यातून काढा. तुमच्या बॅटरीवर 12.8 छापलेलं असेल, पण चार्ज होताना ती 14.6 पर्यंत चढते. साधी लेड-ॲसिड घेतली तरी इंजिन चालू झालं की 14 च्या पुढे. ट्रान्झिस्टरला हवेत 6.

मी हे वडिलांचा ट्रान्झिस्टर जाळून शिकलो. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे अंगात जरा जास्तच आत्मविश्वास. एलएम 2596 चं छोटं बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारं सर्किट, आणलं आणि अंजनेरीच्या पायथ्याशी गाडी लावून जोडून टाकलं. त्यावरचा पितळी स्क्रू फिरवून व्होल्टेज आपण ठरवायचं असतं आणि ते मल्टिमीटरवर बघूनच पुढे जोडायचं असतं. माझ्या मॉड्यूलमधून जवळजवळ 12 बाहेर येत होते. रेडिओ एक क्षण खणखणीत वाजला, मग वास आला. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता व्होल्टेज लावून झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकतो, म्हणजे खड्ड्यांनी किंवा कुणाच्या बोटांनी तो हलत नाही.

पण तुम्हाला बहुधा कन्व्हर्टर लागणारच नाही. चार सेलच्या वस्तू नव्या सेलवर 6 व्होल्टला चालतात आणि चार्जिंगच्या सेलवर 4.8 ला. म्हणजे गाडीतल्या यूएसबी चार्जरचे 5 त्यांना बहुतेक वेळा पुरतात. एक जुनी यूएसबी केबल कापा. लाल प्लस, काळी मायनस असते, तरी मीटर लावून खात्री करा, कारण स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नाही. रेडिओ फोडायचीही गरज नाही. 14 मिलिमीटर जाडीचा लाकडी दांडा 50 मिलिमीटरवर कापला की पेन्सिल सेलच्या मापाचा खोटा सेल होतो. टोकाला स्क्रू, स्क्रूला वायर. असे दोन करा. एक बसवा जिथून रेडिओत प्लस जातो तिथे, दुसरा जिथून मायनस जातो तिथे. मधल्या जागा रिकाम्या ठेवा. खरा सेल चुकूनही सोबत राहू देऊ नका. रेडिओला ॲडॉप्टरची पिन असेल तर हे सुतारकाम वाचलं, फक्त भोकाशेजारचं प्लस-मायनसचं चिन्ह नीट बघा. काही रेडिओत मधली पिन मायनस असते.

कंदिलाला तीन सेल, म्हणजे 4.5 व्होल्ट. स्वस्त कंदिलात एलईडीला जेमतेम एखादा रेझिस्टर असतो, त्याला सरळ 5 दिले तर एलईडी तापून लवकर जातात. प्लसच्या वायरमध्ये 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाका, साधारण 0.7 व्होल्ट तिथेच गळतात. शिवाय वायर उलटी जोडली गेली तरी कंदील वाचतो.

रेडिओची एक कटकट राहते. नाशिक आकाशवाणी 101.4 वर ठीक लागते, पण मिडियम वेव्हवर अस्मिता वाहिनी लावली की यूएसबी चार्जर आणि बक कन्व्हर्टर दोन्ही घरघर करतात. ती त्यांच्या आतल्या स्विचिंगची, म्हणजे वीज भराभर चालू-बंद होत राहण्याची. म्हणून वडिलांच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरला मी 7806 लावला: तीन पायांचा, ठरलेले 6 व्होल्टच देणारा जुना रेग्युलेटर, आत स्विचिंग नाही, दोन्ही बाजूंना एकेक छोटा कपॅसिटर. रेडिओ 0.1 अँपिअर घेतो असं धरलं तर 14 मधले 8 व्होल्ट उष्णतेत जाऊन जेमतेम 0.8 वॅट होतात. छोट्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, चालतं. हाच प्रकार 1 अँपिअरच्या पंख्याला केलात तर 8 वॅट, बोट भाजेल. तिथे बकच बरा.

इन्व्हर्टर लावून त्यात ॲडॉप्टर खुपसायचा विचार असेल तर सोडा. या रेडिओला वॅटभरही लागत नाही, रिकामा इन्व्हर्टर त्याहून कितीतरी जास्त खात बसतो.

फ्यूज मात्र हवाच, बॅटरीपासून वीतभर अंतरात, या लाइनला 2 अँपिअरचा पुरे. लिथियम बॅटरीची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर गॅजेट राहिलं बाजूला, गाडी पेटेल. फ्यूजनंतर एक स्विचही टाका, कारण चार्जर रिकामाही थोडं थोडं पीतच असतो.

आता गिझर. त्यातले दोन मोठे सेल फक्त ठिणगीसाठी आणि गॅसची झडप उघडी धरण्यासाठी असतात, महिनोन्महिने जातात. ते तसेच राहू द्या. पण तो गाडीच्या आत बसवणार असाल तर बेत रद्द करा. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. इगतपुरीच्या पावसात काचा बंद करून कुणी आंघोळीला पाणी तापवणार, हे होणारच. माझा गिझर मागच्या दाराबाहेर कडीला टांगलेला असतो आणि पाऊस असला की आम्ही पारोसेच राहतो.